गफूरभाईंची पुढची खोली

सकाळी मी दुकानाचं शटर वर करतो न करतो, तोच गफूरभाई गादीवाले समोर उभे असतात. घ्यायचं काहीच नसतं. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवतात, भुवयांत अडकलेला कापूस बोटाने झटकतात आणि कुणी ऐकत नाही ना, हे बघून विचारतात, "डाक्टर, आज साहेबाचं बीपी किती असंन?"

मी डॉक्टर नाही. बोरखेडीत माझं औषधांचं दुकान आहे, एवढंच. आणि साहेब असतात मुंबईत, मंत्रालयात. त्यांचं बीपी इथं बसून मला काय कळणार?

"अंदाज सांगा ना," गफूरभाई म्हणतात. "काल टीव्हीवर चेहरा उतरेल दिसला. बोलता बोलता पानी पेले. शुगर तं नसंन वाढली?"

"नाही. सगळं नॉर्मल असणार."

"पक्कं?"

"पक्कं."

मग ते सुस्कारा सोडतात आणि रस्ता ओलांडून समोरच्या आपल्या घरी जातात. स्वतःचं बीपी मात्र त्यांनी मला आजवर मोजू दिलेलं नाही. त्याचा विषय काढला की म्हणतात, "माह्यं काय? मी गेलो तं एक गादीवाला गेला. साहेबाले काही झालं तं गावचा रस्ता गेला, नळ गेला, सारीच गडबड होईन."

'गडबड होईन' हा त्यांचा जपाचा मंत्र. आभाळ आलं, गडबड होईन. आभाळ आलं नाही, तरी गडबड होईन. हेलिकॉप्टरचा आवाज आला की हातातली सुई गादीत तशीच खुपसून ते अंगणात पळतात. आवाज अमरावतीकडे विरून गेला की कुणी विचारलेलं नसतानाही सांगतात, "आपल्याइकडे नव्हतं. पन कधी येईन, सांगता येत नाही."

ही काळजी त्यांच्या गळ्यात पडली त्याचं कारण असं, की आमचे साहेब गफूरभाईंच्या घरात जन्मले. साहेबांचे वडील इथे शाळेत मास्तर होते. गफूरभाईंच्या वडिलांकडे ते भाड्याने राहत. साहेब चालायला लागायच्या आतच मास्तरांची बदली झाली आणि बिऱ्हाड बैलगाडीतून मूर्तिजापूर स्टेशनवर गेलं ते गेलंच. पुढे मास्तरांचा मुलगा वकील झाला, आमदार झाला, तरी बोरखेडीला त्याचा पत्ता नव्हता. मग एका निवडणुकीत अकोल्याच्या सभेत साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी बोरखेडीचा! तिथल्या काळ्या मातीत माझी नाळ पुरलेली आहे!"

त्या दिवशी बोरखेडी जागी झाली. साहेब मंत्री झाल्यावर तर विचारूच नका. वेशीवर कमान उभी राहिली. पाण्याच्या टाकीवर, शाळेवर, बसथांब्यावर 'साहेबांचे जन्मगाव' असं रंगवलं गेलं. शेजारच्या गावाला हे सहन होईना. साहेबांच्या आत्याला तिथे दिलं होतं म्हणून त्यांनीही 'साहेबांच्या आत्याचे गाव' अशी कमान ठोकली. आमच्या गावाला डांबरी रस्ता मिळाला, तर त्यांनाही आत्याच्या नावावर अर्धा रस्ता मिळाला.

या सगळ्या वैभवाचा गाभारा म्हणजे गफूरभाईंच्या घराची पुढची खोली. रस्त्यावर उघडणारी एक खिडकी, एक लोखंडी पलंग, भिंतीत एक कोनाडा. साहेबांचा जन्म याच खोलीत झाला, असं गफूरभाईंनी पहिल्यांदा टीव्हीवाल्यांना सांगितलं आणि तेव्हापासून खोली बंद. त्या खोलीत कुणी बसायचं नाही, झोपायचं नाही, धान्याचं पोतं ठेवायचं नाही. झाडायची ती त्यांनी स्वतः. सुनेनेही नाही.

साहेबांनी मध्येच पक्ष बदलला. पुन्हा बदलला. प्रत्येक वेळी नवे कार्यकर्ते नवा रंग घेऊन खोलीची बाहेरची भिंत रंगवायला आले. तिसऱ्या वेळी गफूरभाई डबा हातात घेऊन दारात उभे राहिले. "आता मी चुना देतो. चुना कोनत्याच पार्टीचा नसते."

लोक येत. उमेदवारी अर्ज भरायला जाणारे उंबऱ्याची माती कपाळाला लावत. एकदा दर्यापूरकडचे एक गृहस्थ आपल्या गरोदर सुनेला घेऊन आले. तिला त्या पलंगावर घटकाभर झोपवायचं होतं, म्हणजे पोटातलं पोर मंत्री होईल. गफूरभाई दार अडवून उभे. "मंत्री व्हाले पलंग नाही लागत, भाऊ, शिकवा लागते. अन् पोरगी थकेल दिसते, तिले ओसरीवर बसवा. सरबत करून देतो." सुनेला सरबत मिळालं, पलंग नाही. गृहस्थ रागावून गेले, तर गफूरभाई धावत माझ्याकडे. "डाक्टर, त्याहीनं साहेबाले जाऊन सांगतलं तं? गडबड होईन."

त्यांचा एकुलता एक मुलगा इम्रान मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. त्यासाठी तो रोज अकोल्याला जाऊन येऊन करतो. पुढची खोली फोडून तिथे शटर बसवावं आणि गावातच दुकान टाकावं, अशी त्याची जुनी इच्छा. टीव्हीवाले पहिल्यांदा आले तेव्हा म्हणे गवंडी दारात उभा राहून भिंतीचं माप घेत होता. साहेबांमुळे ते राहिलं. इम्रान मला एकदा म्हणाला, "काका, साहेब मंत्री झाले अन् मी बेकार झालो." पण बापासमोर तो काही बोलत नसे. साहेबांची खोली फोडली असती, तर गावानेच त्याला वेशीबाहेर काढलं असतं.

असं सगळं बरं चाललं होतं. गेल्या हिवाळ्यात तालुक्याचा कार्यकर्ता देवीदास मोटारसायकलवर बातमी घेऊन आला. साहेब येणार. जन्मखोलीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवणार. शाळेच्या मैदानावर सभा. "अन् साहेबासंगं त्याहीच्या आईसाहेब भी येऊन राहिल्या! त्याहीनंच हट्ट धरला, मले ते घर पाहाचं हाय म्हने!"

गाव आनंदाने वेडं झालं. गफूरभाई पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी आलेच नाहीत. दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, आले. साहेबांच्या बीपीची चौकशी नाही. बराच वेळ खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "डाक्टर, एक गोळी पाहिजे होती."

"कसली?"

"म्हाताऱ्या मानसाले जुनं काही आठवू नये, अशी."

मला हसू आलं. "आठवण राहावी म्हणून गोळ्या आहेत, गफूरभाई. जावी म्हणून नाहीत. कुणाला द्यायची आहे?"

ते काउंटरच्या आतल्या स्टुलावर येऊन बसले. आजवर कधी आत आले नव्हते. मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"मास्तर पुढच्या खोलीत नव्हते राहत. पुढच्या खोलीत आमी होतो. त्याहीले मागची खोली देल्ली होती, निमाच्या झाडापाशी. साहेब तथीसा झाले. मी सहा-सात वर्साचा असंन, दाईले बलवाले मीच पयालो होतो. मले सारं आठवते."

"मग त्यात काय बिघडलं? मागची खोली दाखवायची."

"मागची खोली हाय कोठी? एका पावसात बसली ते. बरेच वर्स नुसता ढिगारा होता. मंग संडास बांधाची योजना आली. ग्रामसेवक म्हने, जागा दाखवा. जागा तेवढीच होती. तवा साहेबाचं नाव भी कोनाले मालूम नव्हतं." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "डाक्टर, साहेबाचं जन्मस्थान म्हंजे आमचा संडास हाय."

खरं सांगतो, मी हसलो. पोट धरून हसलो. आणि मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. सुयांनी टोचून निबर झालेल्या बोटांनी ते काउंटरची काच पुसत होते, एकच जागा पुन्हा पुन्हा.

"तुमाले हासू येते," ते म्हणाले. "मास्तरीनबाईले सारं आठवत असंन. त्याहीनं लोकायसमोर इचारलं, मागची खोली कोठी हाय, तं मी काय सांगू? आता जमाना कसा हाय, तुमाले ठाऊक. उद्या कोनी म्हनलं, या मियानं मुद्दाम केलं, तं? इम्रान रोज त्याच रस्त्यानं जाते. सून हाय, नातू हाय."

मी हसणं थांबवलं. त्यांना धीर देण्यासाठी काहीतरी बोललो, पण ते पोकळ होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. खोटं का सांगितलं, असं विचारल्यावर एवढंच म्हणाले, "गवंडी उभा होता, टीव्हीवाले उभे होते. तोंडातून निघून गेलं." आणि उठून गेले.

पुढचे दिवस गफूरभाईंनी कसे काढले ते समोरच बसून मी पाहिलं. आधी त्यांनी संडासाला कुलूप लावलं. सगळं घर शेजारी जाऊ लागलं तेव्हा सुनेने ते काढायला लावलं. मग दारावर हिरव्या कापडाचा पडदा लावला. तो काढला, कारण पडद्याने जास्त लक्ष जातं. शेवटी त्यांनी अंगणातून मागे जाणारी बोळच बंद केली. घरातल्या, विकायच्या, गिऱ्हाइकांच्या शिवून ठेवलेल्या सगळ्या गाद्या, रजया, तक्के बोळीत छपरापर्यंत रचले. लग्नसराईत माल जास्त असतो, असं देवीदासला सांगितलं. देवीदास म्हणाला, "वा! मागं गाद्यायची भिंत, फोटो मस्त येईन."

तो दिवस उजाडला. सकाळपासून ढोल. पुढच्या खोलीत पलंगावर पांढरी चादर, कोनाड्यात झेंडूची फुलं. कुणीतरी पाळणाही आणून टांगला. तो गफूरभाईंनी काढायला लावला. "आमच्या घरी पाळना नव्हता. साहेब झोळीत निजत." निदान एवढं तरी खरं राहू दे, असं त्यांना वाटलं असावं. देवीदासने मला बीपीचं मशीन घेऊन दारातच उभं केलं होतं. आईसाहेबांचं वय झालेलं, कधीही लागेल म्हणून.

गाड्या आल्या. साहेब उतरले, हात जोडले, फुलं उडाली. गाडीच्या मागच्या दाराने आईसाहेब उतरल्या. अगदी लहानखुऱ्या, पांढरं नऊवारी लुगडं, हातात काठी. त्यांनी कमान, ढोल, माणसं यांतलं काही पाहिलं नाही. थेट गफूरभाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. गफूरभाई खाली बघत होते.

"गफूर ना तू? अमिनाबीचा?"

"हाव, मास्तरीनबाई."

"केवढा म्हतारा झाला रे!" आणि लगेच आवाज खाली आणून, "गफूर, अकोल्यापासून गाडी कोठी थांबलीच नाही. संडास हाय का घरी?"

मी गफूरभाईंकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत झाली नाही.

देवीदास मध्ये पडला. "आईसाहेब, पाटलाकडे व्यवस्था केली. नवीन फरशी, गरम पानी. गाडीनं पाच मिंटं."

"तेवढा दम नाही मले," म्हातारी म्हणाली. "याइच्या घरचा काय वाईट हाय?"

मग गाद्यांची भिंत पाडावी लागली. इम्रान आणि चार कार्यकर्ते एकेक गादी ओढून अंगणात फेकू लागले. रजया निघाल्या, तक्के घरंगळले, कापूस उडाला. साहेब रुमालाने नाक धरून उभे. आईसाहेब काठीवर भार देऊन वाट बघताहेत. गफूरभाई मात्र जागचे हलले नाहीत. आपलीच कबर उकरताना माणूस बघेल तसे बघत होते. बोळ मोकळी झाली. सुनेचा हात धरून म्हातारी आत गेली.

खूप वेळ लागला. निदान मला तरी तसं वाटलं. परत येताना ती कडुनिंबापाशी थांबली. वर बघितलं, खाली बघितलं. तिथल्या विहिरीच्या कठड्याला हात लावला. मग हात धुऊन, पदराला पुसून पुढच्या खोलीत आली. तिथे साहेब, कॅमेरे, पडदा लावलेली पाटी आणि दाराशी निम्मं गाव.

"आई," साहेब जरा मोठ्याने, कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "हीच ना गं ती खोली?"

आईसाहेबांनी पलंगाकडे, खिडकीकडे बघितलं. मग गफूरभाईंकडे. गफूरभाईंचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होते.

"हेच घर," त्या म्हणाल्या. "याच घरात झाला तू."

टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे पुसले, दोरी ओढली, पडदा सरकला. साहेबांनी पलंगाला वाकून नमस्कार केला आणि सगळा लोंढा ढोलासकट शाळेच्या मैदानाकडे निघाला. आईसाहेब म्हणाल्या, "तू जा सभेले. मी इथीसाच टेकतो जराशी." चक्कर आली असेल म्हणून मला मागे ठेवलं. दाराबाहेर साहेबांचा एक सहायक घड्याळाकडे बघत उभा राहिला.

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. गफूरभाई भिंतीला पाठ लावून उभे होते.

"गफूर," म्हातारी म्हणाली, "संडास चांगला बांधला रे."

गफूरभाई तिच्या पायाशी बसले. "मास्तरीनबाई, माफी द्या. आमाले ठाऊक नव्हतं. खोली पडेल होती, योजना आली..."

"माफी काहाची? लय वंगाळ खोली होती ते. साऱ्या छतातून पानी गये. मी बाळंत होईपर्यंत तुह्या मायनं माह्या डोक्यावर परात धरली होती. तिचा हात दुखला तं तुह्या बापानं बाहेरून येऊन छतावर बांबूचा तट्ट्या टाकला. तुह्या मायची परात आठवते मले. खोलीचं काय घेऊन बसला?" ती जराशी हसली. "अन् तेच्यापरीस आता तथीसा सुख हाय. आज तं मले लयच वाटलं."

मलाही हसू आलं. गफूरभाई हसले नाहीत. रडूही येत नव्हतं त्यांना.

"मी काही बोलनार नाही," ती म्हणाली. "त्याले भी सांगनार नाही. तो लगेच भाषनात घेईन." पलंगाच्या कडेवर तिने हात फिरवला. "पन मले एक सांग. मंग हे खोली कोनाची?"

गफूरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मी बाहेर जावं. पण पट्टा अजून म्हातारीच्या दंडावर होता.

"माह्या घरवालीची," ते म्हणाले. "नसीमची. शेवटी शेवटी तिले उठता येत नव्हतं. दिवसभर या खिडकीतून रस्ता पाहे. यश्टीतून कोन उतरलं, कोनाची सून माहेरी चालली, सारं मले सांगे. मी मागं गादी शिवत बसलो का तिथून हाका मारे, आयकलं का, आयकलं का." ते थांबले. "ते गेली. तिचा चाळीसवा दिवस झाला अन् इम्रान गवंडी घेऊन आला. त्याचं भी चुकलं नाही, त्याले धंदा पाहिजे. मी काय म्हनू? तुही माय इथीसा झोपे, म्हनून ठेव म्हनू? बाईच्या खोलीसाठी कोन थांबते, मास्तरीनबाई? तेवढ्यात टीव्हीवाले आले. मी म्हनलो, साहेबाची हाय. मंग सारं गावच राखन कराले लागलं."

मी इतकी वर्षं समोर दुकान मांडून बसलो आहे. नसीमभाभींची औषधं माझ्याच दुकानातून जात. त्या गेल्यावर मी मातीला गेलो होतो, चार शब्दही बोललो होतो. पण त्यानंतर गफूरभाईंशी मी फक्त साहेबांबद्दलच बोलत आलो, कारण ते तेवढंच विचारत.

मैदानावरून भोंग्यातून साहेबांचा आवाज येत होता, नीट कळत नव्हता. गाडीचा हॉर्न वाजला. सहायक दारातून डोकावला. "आईसाहेब, सभा आवरत आली. निघावं लागेल. अमरावतीला लोक थांबलेत."

आईसाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पलंगावर जरा सरकून बसल्या, बाजूच्या जागेवर हात आपटला आणि गफूरभाईंना तिथे बसायची खूण केली. त्या पलंगावर कुणाला बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. गफूरभाई उठले, आधी कडेला, मग नीट बसले.

"कशी होती रे?" म्हातारीने विचारलं.

हा प्रश्न गफूरभाईंना आजवर कुणी विचारला नव्हता.

"भांडखोर होती," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला. "लय भांडे. लग्न होऊन आली तवा पयल्याच दिवशी माह्या अम्मीले म्हने, तुमच्या पोराले टाका घालता येत नाही. अन् खरंच, मास्तरीनबाई, मले येत नव्हता..."

सहायक पुन्हा दारात आला. "आईसाहेब, साहेब गाडीत बसलेत."

"बसू दे त्याले," आईसाहेब म्हणाल्या. "तू सांग, गफूर. मंग?"